न घसरण्याची कला

मराठी भाषेत ‘घसरणे’ या शब्दाला फारशी प्रतिष्ठा नाही. पाय घसरतो तो माणसाचा, जीभ घसरते ती वक्त्याची आणि भाव घसरतात ते बाजारातले. या तिन्ही घसरणींत काहीतरी गमावलेलेच असते. श्रावणात शेवाळलेल्या पायरीवरून किंवा सह्याद्रीतल्या निसरड्या वाटेवरून ज्याला जपून उतरावे लागले आहे, त्याला घसरण्याचा कोणी शौक करीत असेल ही कल्पनाच चमत्कारिक वाटेल. बर्फाच्या मुलखात मात्र घसरणे हा करमणुकीचा, कौशल्याचा आणि ऑलिंपिक पदकांचाही विषय आहे. मौज अशी की, या घसरण्याच्या खेळांतील एका शाखेचे सारे ध्येय न घसरणे हेच आहे. वेगाने पुढे जावयाचे, पण बाजूला तसूभरही सरकावयाचे नाही, असा त्या शाखेचा पण आहे. तिला अल्पाइन कार्व्हिंग म्हणतात. कार्व्हिंग म्हणजे कोरणे. सुताराची पटाशी लाकडात जशी एकच स्वच्छ रेघ कोरीत जाते, तशी पायाखालच्या फळीची कड बर्फात कोरीत न्यावयाची आणि मागे पेन्सिलीने काढल्यासारखी बारीक वक्ररेषा सोडावयाची, एवढाच हा खेळ. परंतु ही एक रेघ साधण्यासाठी पाऊल फळीवर किती अंशांत बांधावे, या प्रश्नावर माणसे वर्षानुवर्षे प्रयोग करीत आली आहेत. त्या प्रयोगांमागचे शास्त्र साधे आहे, आणि बर्फ कधीही न पाहिलेल्या माणसालाही ते समजण्यासारखे आहे.

स्नोबोर्ड ही तशी अलीकडची वस्तू. १९६५ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन यांनी मुलींच्या करमणुकीसाठी दोन स्की एकमेकींना जोडून एक फळी तयार केली आणि तिच्या टोकाला धरण्यासाठी दोरी बांधली. ‘स्नर्फर’ या नावाने ती पुढे खेळण्याच्या दुकानांत विकली गेली. १९७७ साली व्हर्माँट राज्यात जेक बर्टन कार्पेंटर यांनी फळ्या तयार करण्याचा उद्योग आरंभिला. पाय फळीला घट्ट बांधणारी बाइंडिंगे आली, फळीच्या कडांना पोलादी पट्ट्या आल्या आणि खेळण्याचे साधन झाले. पुढे या साधनाच्या दोन शाखा झाल्या. एका शाखेत मऊ बूट, रुंद फळी आणि हवेतल्या उड्या. दुसऱ्या शाखेत स्कीच्या बुटासारखा टणक प्लास्टिकचा बूट, अरुंद व लांब फळी आणि कोरलेली वळणे. ही दुसरी शाखा म्हणजेच अल्पाइन. १९९८ साली जपानमधील नागानो येथे स्नोबोर्डला हिवाळी ऑलिंपिकमध्ये प्रथम स्थान मिळाले, तेव्हा जायंट स्लालम ही शर्यत त्यात होती. २००२ साली सॉल्ट लेक सिटी येथे दोन स्वारांनी शेजारीशेजारी उतरण्याची समांतर शर्यत तिच्या जागी आली.

या फळीकडे वरून पाहिले तर ती सरळसोट नसते. दोन्ही टोकांशी रुंद आणि मध्यभागी अरुंद, अशी तिला कंबर असते. मऊ बुटांच्या फळीची कंबर सुमारे २५ सेंटिमीटर, तर अल्पाइन फळीची बहुधा १८ ते २१ सेंटिमीटर भरते. कंबरेमुळे फळीची प्रत्येक कड म्हणजे एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा बनते. स्लालमच्या फळीत या वर्तुळाची त्रिज्या दहा मीटरच्या आसपास असते. लांब वळणांच्या फळीत ती पुष्कळ अधिक असते. फळी सपाट ठेवली तर ती सरळ जाते. ती एका कडेवर कलवली की तिची दोन टोके आणि मध्य एकाच वेळी बर्फाला टेकावेत म्हणून तिला धनुष्यासारखे वाकावे लागते, आणि मग ती स्वतःच्या वक्रतेच्या मागून आपोआप वळू लागते. वळवावी लागत नाही, वळते. कोरलेल्या वळणाचे रहस्य ते हेच.

आता थोडे गणित. फळी जितकी अधिक कलेल तितके वळण लहान होते. टणक बर्फावर वळणाची त्रिज्या म्हणजे कडेची त्रिज्या गुणिले कलाच्या कोनाची कोज्या, असा स्थूल नियम आहे. कडेची त्रिज्या १२ मीटर असेल आणि फळी ४५ अंशांत कलली तर वळण सुमारे साडेआठ मीटरचे होईल; ६० अंशांत कलली तर सहा मीटरचे, म्हणजे बरोबर निम्मे. उतार क्षणभर बाजूला ठेवला तर असे सहा मीटरचे वळण ६० अंशांच्या कलाने तोलून घेण्यासाठी ताशी सुमारे ३६ किलोमीटर वेग लागतो, आणि त्या क्षणी स्वाराच्या पायांवर त्याच्या वजनाच्या दुप्पट भार येतो. सत्तर किलो वजनाचा माणूस त्या वळणात एकशेचाळीस किलोंचा होतो. हा सारा भार बर्फापर्यंत पोहोचतो तो बूट, बाइंडिंग आणि पोलादाची एक बारीक कड यांच्या मार्गाने. म्हणूनच बाइंडिंगाचा स्क्रू दोन-तीन अंश इकडे की तिकडे, हा प्रश्न वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाही.

पावलाचा कोन मोजतात तो फळीच्या आडव्या रेषेपासून. पाऊल फळीला अगदी आडवे असेल तर कोन शून्य. बोटे फळीच्या नाकाकडे वळतील तसतसा कोन वाढतो. मऊ बूट घालून उड्या मारणारे स्वार पुष्कळदा पुढचे पाऊल १५ अंश पुढे आणि मागचे तितकेच मागे वळवून, बदकासारखे फेंगडे उभे राहतात. अल्पाइन स्वाराची दोन्ही पावले मात्र पुढेच वळलेली असतात, बहुधा ४५ ते ६५ अंशांच्या दरम्यान. याचे पहिले कारण शौक नव्हे, तर जागेची टंचाई होय. मध्यम आकाराच्या टणक बुटाचा तळ सुमारे ३१ सेंटिमीटर लांब असतो, आणि तो बसवावयाचा २० सेंटिमीटर रुंदीच्या फळीवर. आडवा ठेवला तर अकरा सेंटिमीटर बाहेर येतो. ३० अंशांत वळवला तर त्याची आडवी लांबी सुमारे २७ सेंटिमीटर उरते, ४५ अंशांत २२ आणि ६० अंशांत साडेपंधरा. बुटाच्या रुंदीमुळे या शेवटच्या दोन आकड्यांत आणखी पाच-सहा सेंटिमीटरांची भर पडते. म्हणजे ४५ अंशांना बूट दोन्ही बाजूंना प्रत्येकी साडेतीन सेंटिमीटर बाहेर डोकावतो, तर ६० अंशांना जेमतेम पाऊण सेंटिमीटर.

बाहेर डोकावला तर बिघडले कोठे? फळी सपाट असताना काहीच बिघडत नाही. पण ती कलू लागली की बाहेर आलेला चवडा किंवा टाच बर्फाकडे झुकू लागते. बुटाचा तळ फळीच्या तळापासून चार सेंटिमीटर उंच आहे असे धरले, तर साडेतीन सेंटिमीटर बाहेर आलेला बूट ४९ अंशांच्या आसपासच्या कलाला बर्फाला टेकतो. पाऊण सेंटिमीटर बाहेर आलेला बूट ८० अंशांच्या जवळपास जाईपर्यंत टेकत नाही. बुटाची टोके गोलसर असतात हे त्याच्या पथ्यावर पडते. कड बर्फात रुतते हे त्याच्या विरुद्ध जाते. पण हिशेबाचा कल स्पष्ट आहे. ज्याला ६० अंश कलून वळण निम्मे करावयाचे आहे, त्याचा बूट ४९ अंशांनाच बर्फाला टेकत असेल, तर त्याची इच्छा भौतिकशास्त्राला मान्य होणार नाही. बूट टेकतो त्या क्षणी तो तरफेसारखा कड उचलतो, पकड सुटते आणि स्वार कुशीवर आदळून उताराने खाली जातो.

येथेच या विषयातील खरी अडचण सुरू होते. पडलेल्या माणसाला आपण का पडलो हे कळत नाही. वळण रंगात आले असताना काहीतरी निसटले, एवढेच त्याला जाणवते. पुढच्या खेपेस तो नकळत कमी कलतो. मग वळण मोठे होते, वेग वाढतो, वेगाची भीती वाटते, आणि वेग मारण्यासाठी तो फळी आडवी करून घसटू लागतो. हंगाम संपता संपता त्याची अशी समजूत होते की, आपल्यात धैर्य नाही, किंवा आपले वय झाले. वस्तुतः धैर्य होते तेवढेच असते. कमी असतात ते पावलाचे दहा-बारा अंश. साधनाचा दोष माणसाने स्वतःच्या स्वभावावर घ्यावा, यासारखे नुकसान दुसरे नाही. उलट प्रकारही घडतो. सरावाची उणीव असताना एखादा गृहस्थ आठवड्याला नवा पेच फिरवीत बसतो आणि दोष फळीवर ढकलतो. कोणते उणेपण आपले आणि कोणते स्क्रूचे, हे निवडून काढता येणे हाच प्रयोगाचा खरा लाभ होय.

कोन वाढवल्याने बूट टेकत नाही, तर तो ७५ किंवा ८० अंशच का करू नये, असे कोणी विचारील. एके काळी १८ सेंटिमीटरहूनही अरुंद फळ्या आणि ७० अंशांच्या घरातले कोन यांची चलती होती. पण प्रत्येक अंशाची किंमत मोजावी लागते. पाऊल आडवे असते तेव्हा चवड्यावर किंवा टाचेवर भार देऊन फळी कलवता येते. ही क्रिया माणसाला उभे राहण्यातूनच अवगत असते. पाऊल फळीच्या दिशेने वळत गेले की ही तरफ आखूड होत जाते, आणि कलवण्याचे काम घोटा व गुडघा बाजूला झुकवून करावे लागते. गुडघा हा मुख्यतः बिजागरीसारखा सांधा आहे. पुढेमागे तो आनंदाने वाकतो, बाजूला वाकावयास राजी नसतो, आणि पीळ त्याला मुळीच सोसत नाही. फार मोठ्या कोनात स्वार तारेवर चालणाऱ्यासारखा उभा राहतो. फळी कलते चटकन, पण खडबडीत बर्फावर तोल सावरण्यास आधार उरत नाही. त्यामुळे बूट बर्फाला टेकू न देणारा लहानांत लहान कोन निवडावा, या मध्यममार्गाकडे पुष्कळ अनुभवी स्वार वळलेले दिसतात. ज्याचे पाऊल लहान त्याला कमी कोन पुरतो. मोठ्या पावलाच्या माणसाने एक तर कोन वाढवावा किंवा फळी रुंद घ्यावी.

दोन पावलांचे कोन सारखे असावेत की निराळे, हा पुढचा प्रश्न. सामान्यतः पुढच्या पावलाचा कोन मागच्यापेक्षा तीन ते पाच अंशांनी अधिक ठेवतात; पुढचे ६० तर मागचे ५५. माणूस सहज उभा राहतो तेव्हा त्याची पावले किंचित बाहेर वळलेली असतात, आणि हा फरक त्याच सहजतेचे अनुकरण करतो. त्यापलीकडचा भेद ज्याच्या त्याच्या कंबरेच्या सांध्यावर अवलंबून असतो.

यानंतर येतो तो उंचीचा प्रश्न, आणि तो समजण्यास चालणाऱ्या माणसाकडे पाहावे. पाऊल पडते त्या क्षणी पुढच्या पायाची टाच टेकलेली आणि चवडा उचललेला असतो. मागच्या पायाची टाच उचललेली आणि चवडा टेकलेला असतो. फळीवरचा स्वार म्हणजे असेच एक गोठलेले पाऊल होय. फरक इतकाच की, त्याचे घोटे टणक बुटांत जखडलेले असल्यामुळे ते स्वतः ही तडजोड करू शकत नाहीत. म्हणून पुढच्या बाइंडिंगाच्या चवड्याखाली आणि मागच्या बाइंडिंगाच्या टाचेखाली तीन किंवा सहा अंशांच्या पाचरी घालतात. पाचर नसेल तर पुढच्या पायाची मांडी लवकर भरून येते आणि मागचा गुडघा पुढे येऊ शकत नाही. पाचर जास्त झाली तर उलट रोग: दोन्ही गुडघे एकमेकांकडे ढकलले जातात आणि स्वार आखडून उभा राहतो. दोन पायांमधील अंतर बहुधा ४५ ते ५० सेंटिमीटर ठेवतात. ते वाढवले की तोल बरा राहतो, पण पायांमधला फळीचा भाग मोकळेपणाने वाकत नाही. कमी केले की फळी सुरेख वाकते, पण स्वार पुढेमागे हेलकावतो. शिवाय बुटाच्या मागील खिट्टीने नळी किती पुढे झुकवावी, हा आणखी एक पेच असतोच.

हे सारे पेच एकमेकांशी बांधलेले आहेत, आणि हा गुंता मराठी कानांना अगदीच परका नाही. तंबोरा जुळविताना प्रथम खुंटी पिळतात, मग मणी सरकवतात आणि शेवटी घोडीवर जवारीचा दोरा केसाएवढा हलवतात. खुंटीचे काम मण्याने होत नाही आणि मण्याचे दोऱ्याने होत नाही. पण एक हलले की बाकीच्यांकडे पुन्हा पाहावे लागते. फळीवरही कोन ही खुंटी, अंतर व पाचर हा मणी आणि बुटाचा झुकाव ही जवारी, असा क्रम आहे. कोन बदलला की बूट पुन्हा फळीच्या मध्यावर आणावा लागतो, नाहीतर टाच एका बाजूला अधिक बाहेर येते. अंतर वाढवले की पाचर पुन्हा तपासावी लागते. नवशिका चारही गोष्टी एकाच दिवशी बदलतो, दुपारी बरे वाटले म्हणून खूश होतो, आणि बरे कशामुळे वाटले हे त्याला जन्मात कळत नाही.

म्हणून प्रयोगाचे काही नियम ठरून गेले आहेत. पहिला नियम, एका वेळी एकच बदल. दुसरा, बदल मोजका. कोन तीन अंशांनी, अंतर एक-दोन सेंटिमीटरांनी. तिसरा, उतार तोच आणि वेळही तीच. आल्प्समधील उतार रात्री यंत्राने विंचरून ठेवतात. सकाळी त्यावर कॉर्डुरॉय कापडासारख्या बारीक रेघा असतात आणि बर्फ टणक असतो. दुपारी तोच उतार मऊ आणि उंचसखल होतो. सकाळच्या कोनाची तुलना दुपारच्या बर्फाशी केली तर ती तुलना बर्फाची होते, कोनाची नव्हे. चौथा, प्रत्येक बदलानंतर निदान चार-पाच फेऱ्या. कारण पहिल्या फेरीत नवे ते परके वाटते आणि शरीराला निवाडा करण्यास अवधी लागतो. पाचवा, सारे काही वहीत लिहून ठेवावे आणि जुन्या मांडणीच्या खुणा फळीवर करून ठेवाव्यात, म्हणजे मागे फिरता येते. मागे फिरण्याची वाट ज्याने राखली नाही त्याने प्रयोग केला नाही, जुगार केला. आणि सर्वांच्या आधी कडेची धार व स्क्रूंची घट्टी पाहून घ्यावी. बोथट कडेला कोणताही कोन वाचवू शकत नाही, आणि सैल स्क्रूवर साऱ्या प्रयोगाचे नव्हे तर हाडांचे भवितव्य टांगलेले असते.

निकाल वाचावयाचा तो बर्फावर. वर उभे राहून आपल्याच रेषेकडे पाहिले की ती सारे सांगते. रेघ आरंभापासून शेवटपर्यंत बारीक असेल तर फळी कोरीत गेली. मध्येच ती पंख्यासारखी पसरली असेल तर तेथे कड सुटली. रेघेला समांतर दुसरी अस्पष्ट खरवड दिसली तर बूट टेकला. टाचेच्या वळणात कंगव्याच्या दातांसारख्या खुणा उमटल्या तर फळी थरथरली, आणि बहुधा स्वार मागे बसला किंवा त्याचे गुडघे मोकळे नव्हते. दुसरा साक्षीदार म्हणजे शरीर. स्नायू थकणे हा परिश्रमाचा खर्च आहे. तो चुकवता येत नाही. पण गुडघ्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला टोचणारी वेदना हा खर्च नसून इशारा आहे. टणक बूट घोट्याला जपतो खरा, पण घोट्याने जे सोसले असते ते पुढे गुडघ्याकडे पाठवतो. या फळीचे बाइंडिंग स्कीच्या बाइंडिंगाप्रमाणे पडताना सहसा सुटत नाही. तेव्हा अशा वेदनेवर ‘सवय होईल’ असा उपाय करणे शहाणपणाचे नव्हे. कोन आणि पाचर यांच्याकडे परत जाणे हेच योग्य.

मांडणी कोणत्या हेतूसाठी करावयाची यावरही पुष्कळसे अवलंबून असते. शर्यतीच्या स्वाराला झेंड्यांमधून कमीत कमी वेळात उतरावयाचे असते. लांब आणि कडक फळी, मोठी त्रिज्या, आणि अलीकडच्या काळात बाइंडिंग व फळी यांच्यामध्ये फळीला मोकळेपणाने वाकू देणारा स्वतंत्र पट्टा, असे त्याचे साहित्य असते. उलट स्वित्झर्लंडमधील झिनाल या गावाशी ज्यांचे नाव जोडले गेले आहे, ते ‘एक्स्ट्रीम कार्व्हिंग’चे उपासक प्रत्येक वळणात सारे शरीर बर्फावर जवळजवळ आडवे करतात, त्यांना घड्याळाशी कर्तव्य नसते. त्यांची फळी थोडी रुंद व लवचीक आणि वेगळ्या तोलाची असते. गुलमर्गच्या अफरवट उतारांवरच्या भुसभुशीत, खोल हिमासाठी तर साधनच निराळे लागते. तेथे अरुंद फळी बुडते आणि कोरण्यास टणक जमीनच सापडत नाही. एकाचा बरोबर कोन दुसऱ्याला चुकीचा ठरतो तो यामुळे.

हा संप्रदाय लहान आहे. २०१४ साली सोची येथे समांतर स्लालम ही आणखी एक शर्यत ऑलिंपिकमध्ये होती. २०१८ साली ती कार्यक्रमातून गेली आणि उंच उड्यांच्या स्पर्धेला जागा मिळाली. त्याच २०१८ साली प्योंगचांग येथे चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेत्स्का हिने स्कीच्या सुपर-जी शर्यतीत आणि स्नोबोर्डच्या समांतर जायंट स्लालममध्ये अशी दोन सुवर्णपदके मिळवली. एका जोडीवर तोंड पुढे करून उभे राहणे आणि दुसरीकडे एकाच फळीवर तिरके उभे राहणे, या दोन्ही विद्या एकाच शरीरात नांदू शकतात, हे तिने दाखवून दिले. परंतु दुकानांतून टणक बूट क्वचितच दिसतात आणि मोठ्या कारखान्यांना या फळ्यांत फारसे स्वारस्य उरलेले नाही. त्यामुळे या खेळातले ज्ञान पुष्कळसे हातोहात, एका स्वाराच्या वहीतून दुसऱ्याच्या वहीत असेच जात राहते. कोष्टके मिळतात; पण कोष्टक सरासरी माणसासाठी असते, आणि सरासरी गुडघा कोणाच्याच पायात नसतो.

अखेर जो कोन सापडतो तो पाहणाऱ्याला फार सामान्य दिसतो. पुढे ५७, मागे ५४, असे काहीतरी दोन आकडे. त्यांच्यामागे किती सकाळी गेल्या हे आकडे सांगत नाहीत. ते सापडल्याची खूण अशी की, स्वार त्यांचा विचार करणे सोडून देतो. फळी कलते, वाकते आणि आपल्या वर्तुळावर चालू लागते. दुप्पट झालेले वजन पायांतून निमूटपणे बर्फात उतरते, आणि उतारावर वरपासून खालपर्यंत एक बारीक, अखंड, नागमोडी रेघ उरते. दुपारच्या उन्हात ती रेघ पुसली जाते. वहीतले दोन आकडे मात्र राहतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच उतारावर, जेथे सारे जग घसरावयास आलेले असते तेथे, न घसरता उतरण्यास ते पुरेसे होतात.